रिपोर्ट नॉर्मल, पण किती दिवसांसाठी?

हे पत्र कोरेगाव तालुक्यातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई सासूबाई आहेत. पत्र मोठं होतं, थोडं आटोपतं करून देते.

‘डॉक्टर ताई, माझी थोरली सून पहिलटकरीण आहे, एकतिसावा आठवडा चालू आहे. तिसऱ्या महिन्यात डबल मार्कर नावाची रक्ताची तपासणी केली. बाळाचं सगळं ठीक आलं, पण “पॅप-ए ०.३६” या आकड्याखाली डॉक्टरांनी पेनाने रेघ मारली आणि रात्री घ्यायला ॲस्पिरिन लिहून दिली. आमचा भाचा मेडिकलमध्ये कामाला आहे. तो म्हणाला, ही रक्त पातळ करायची, हार्टवाल्यांची गोळी, पोटुशीला कशाला? पाचव्या महिन्यात मीच ती बंद करायला लावली. डॉक्टरांना सांगितलं नाही. परवा बीपी १३६/८८ भरलं. सुरुवातीला १०४/६६ होतं. लघवीत “ट्रेस” आलं, पाय सुजलेत. डॉक्टर म्हणतात, रक्ताची “रेशो” नावाची तपासणी करू. सॅम्पल पुण्याला जाणार, चार-साडेचार हजार लागणार. घरात म्हणतात, सूज सगळ्यांनाच येते, उगाच खर्च. पुढच्या आठवड्यात ओटी भरून तिला माहेरी जतला धाडायचं ठरलंय. मला झोप लागत नाही. माझी धाकटी बहीण १९८६ साली आठव्या महिन्यात झटके येऊन गेली. लोक म्हणाले लागीर झालं, देवऋषी आणला. सुनेचं हे माझ्यामुळं झालं का? की आमच्या घराण्यातच काही आहे? तपासणी करावी का? आणि एवढ्या रिपोर्टांत नेमका कुठला आकडा बघायचा?’

ताई, गोळीचं नंतर बोलू. आधी सुनेचं.

वरचं बीपी १४० किंवा खालचं ९० चार तासांच्या अंतराने दोनदा भरलं, की आम्ही त्याला गर्भारपणातला रक्तदाब म्हणतो. विसाव्या आठवड्यानंतर असा रक्तदाब वाढला आणि सोबत लघवीतून प्रथिनं जायला लागली, किंवा मूत्रपिंड, यकृत, प्लेटलेट यांपैकी काही बिघडलं, तर तो प्रीएक्लॅम्पसिया. सूनबाई अजून त्या रेषेच्या अलीकडे आहे. पण ती निघाली कुठून ते बघा. १०४/६६ वरून १३६/८८. एवढी चढण चढून आलेल्या बाईला ‘अजून १४० नाही ना’ म्हणून घरी बसवायचं नसतं. तुमच्या डॉक्टरांनी पुढची तपासणी सुचवली ती योग्यच आहे, आणि ती करा असंच मी सांगेन. तोवर घरी दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं मशीन आणा, मनगटाचं नको. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, पाच मिनिटं गप्प बसवायचं, हात छातीच्या उंचीवर ठेवायचा, मग मोजायचं. सकाळ-संध्याकाळ. वहीत तारीख आणि वेळ दोन्ही लिहायचं. वेळ लिहायला का सांगते, ते पुढे कळेल.

आता हा रेशो काय आहे ते सांगते, कारण चार हजार काढून देताना माणसाला कळलं पाहिजे की आपण काय विकत घेतोय.

उसाला रात्रीचं दारं धरायला गेलेल्या माणसाला हे चटकन समजेल. पाटाचं पाणी शेवटच्या सरीपर्यंत जायचं तर चारी रुंद आणि मोकळी हवी. बाळाची वार गर्भाशयात रुजते तेव्हा तिच्या पेशी गर्भाशयाच्या नागमोडी धमन्यांत शिरतात, त्यांच्या भिंतीतला स्नायू काढून टाकतात आणि त्या सैल, रुंद करतात. गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळातच हे काम होतं. काही जणींत ते अर्धवट राहतं. चारी अरुंदच राहते, वारेला रक्त कमी पडतं, आणि उपाशी वार आईच्या रक्तात एक प्रथिन जास्तीचं सोडायला लागते. त्याचं नाव एसएफएलटी-१.

हे प्रथिन करतं काय? वारेतूनच पीएलजीएफ नावाचा एक चांगला घटक आईच्या रक्तात येत असतो. तो आणि त्याचा भाऊबंद व्हीईजीएफ हे दोघे आईच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची राखण करतात. एसएफएलटी-१ त्यांना वाटेतच धरून ठेवतो. अस्तराची राखण सुटली की वाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. मूत्रपिंडाची गाळणी गळू लागते, म्हणून लघवीत प्रथिनं येतात. यकृत आणि मेंदूही त्यात सापडतात. बोस्टनमध्ये डॉ. अनंत करुमंची यांच्या गटाने २००३ मध्ये हे दाखवून दिलं. गाभण उंदरिणींच्या रक्तात त्यांनी फक्त हे एक प्रथिन वाढवलं, तर त्यांचं बीपी चढलं आणि लघवीत प्रथिनं आली. कॅन्सरसाठी व्हीईजीएफ अडवणारं बेव्हॅसिझुमॅब नावाचं औषध देतात. ते घेणाऱ्या, गर्भारपणाशी काही संबंध नसलेल्या रुग्णांनासुद्धा बीपी आणि लघवीतून प्रथिनं जाण्याचा त्रास होतो. हे वाचलं तेव्हा माझ्या मनातली उरलीसुरली शंका गेली.

रेशो म्हणजे या दोघांचा भागाकार, एसएफएलटी-१ भागिले पीएलजीएफ. १४ देशांत झालेला मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्याबद्दल शंका होती, म्हणजे अगदी तुमच्या सुनेसारख्या बायकांत, रेशो ३८ किंवा त्याखाली आला तर पुढच्या एका आठवड्यात प्रीएक्लॅम्पसिया होणार नाही, हे १०० पैकी ९९ वेळा खरं ठरलं. ३८ च्या वर आला तर पुढच्या चार आठवड्यांत १०० पैकी सुमारे ३७ जणींना तो झाला. म्हणजे बाकीच्या ६३ जणींना त्या मुदतीत झाला नाही. रेशो जास्त आला म्हणजे आजार झालाच, असं नाही. नजर जवळची ठेवायची, एवढाच त्याचा अर्थ. ३४ आठवड्यांच्या आत तो ८५ च्या वर गेला तर मात्र डॉक्टर बहुतेक तिला दाखल करूनच घेतील.

ताई, माझं सगळं सांगणं त्या ‘एका आठवड्यात’ या शब्दांवर उभं आहे. रिपोर्ट हातात आला की घरचे एकच विचारतात, नॉर्मल आहे ना? तुम्ही दुसरा प्रश्न विचारा, किती दिवसांसाठी? प्रत्येक आकड्याला मुदत असते, आणि ती रिपोर्टवर छापलेली नसते. रेशोची मुदत रक्त काढलं त्या दिवसापासून मोजायची, रिपोर्ट आला त्या दिवसापासून नाही. सॅम्पल पुण्याला जाऊन रिपोर्ट यायला तीन दिवस गेले तर हातात चारच दिवस उरले. सोमवारी रक्त दिलं असेल तर पुढच्या सोमवारी ‘अहो, तेव्हा नॉर्मल होता’ म्हणून तपासणी चुकवायची नाही.

याच नजरेने बाकीचे आकडे बघा.

पॅप-ए हे वारेतून येणारं प्रथिन. ०.३६ म्हणजे तेवढेच आठवडे झालेल्या साधारण बाईत जेवढं असतं, त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाच्या थोडं वर. वार नीट रुजत नसावी याची ती लांबून आलेली चाहूल. पण कमी पॅप-ए असलेल्या बहुतेक बायकांचं बाळंतपण सुखरूप होतं, आणि ज्यांचं पॅप-ए छान असतं त्यांनाही हा आजार होतो. त्या आकड्याने बाराव्या आठवड्यात जे सांगायचं ते सांगितलं. आता एकतिसाव्या आठवड्यात तो कागद पुन्हा पुन्हा काढून रडू नका.

दुसऱ्या टोकाला आहेत प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं), एसजीपीटी (यकृताचं), एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं), युरिक ॲसिड. हे त्या दिवसापुरतं बोलतात, कधी कधी काही तासांपुरतं. लांबच्या मुदतीचा आकडा मोघम बोलतो, जवळच्या मुदतीचा ठाम बोलतो. प्लेटलेट एक लाखाच्या खाली किंवा एसजीपीटी नॉर्मलच्या दुपटीच्या वर गेलं असेल तर तिथे चर्चेला जागा नाही. युरिक ॲसिड वाढतं, पण एकट्या त्याच्यावर आम्ही कुठलाच निर्णय घेत नाही. आणि लघवीतल्या ‘ट्रेस’वर, म्हणजे प्रथिनांच्या पुसट खुणेवर, थांबू नका. प्रोटीन-क्रिएटिनिनचं प्रमाण काढायला सांगा. ते ०.३ किंवा वर असेल तर प्रथिनं खरोखर जातायत.

लॅबच्या कागदावर उजव्या बाजूला जी ‘नॉर्मल रेंज’ असते, ती बहुधा गर्भार नसलेल्या माणसाची असते, हेही लक्षात ठेवा. गर्भारपणात क्रिएटिनिन एरवीपेक्षा खाली उतरतं, साधारण ०.४ ते ०.८ इतकं. म्हणून ०.९ आलं तर कागदावर चांदणी नसेल, पण मी तिथे थांबते, आणि १.१ च्या वर गेलं तर घाबरते. याउलट अल्कलाइन फॉस्फेटेज ठळक अक्षरात वाढलेलं दिसतं आणि घरच्यांची पाचावर धारण बसते. ते वारेतून येतं, शेवटच्या महिन्यांत वाढायचंच. शेवटच्या महिन्यांत हिमोग्लोबिन एकदम वर गेलं की सासवा खूश होतात, बीट-खजूर लागू पडलं म्हणून. ते खरंही असेल. पण या आजारात रक्तातलं पाणी कमी होऊनही तो आकडा चढतो. सोबत बीपी चढत असेल तर डॉक्टरांना तेवढं दाखवा.

सगळ्यात कमी मुदत बीपीची. त्या वेळेपुरतीच. हे मी पुस्तकातून शिकले नाही.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं, तालुक्याच्या एका दवाखान्यात. संध्याकाळी आठव्या महिन्यातली एक मुलगी आली. आदल्या आठवड्यात डोहाळजेवण झालेलं, हातभर हिरवा चुडा. तक्रार एकच, पित्त झालंय. उजव्या बरगडीखाली हात ठेवून म्हणाली, इथं टोचतंय, उलटीसारखं होतंय. सकाळीच नर्सबाईंनी बीपी घेतलं होतं, कार्डावर १३०/८४ लिहिलेलं. ते बघून मी पित्ताची गोळी लिहून दिली. पुन्हा पट्टा बांधला नाही. पहाटे तिला जीपमधून आणलं तेव्हा तिला दोन झटके येऊन गेले होते. सलाइन लावायला हात धरला तर बांगड्या मनगटात रुतलेल्या, कोपराकडे सरकेनात. नर्सबाईंनी हातावर टॉवेल गुंडाळून त्या एकेक करून वाढवल्या. टॉवेलात हिरव्या काचा पडत होत्या आणि मी कार्डावरचा तो सकाळचा आकडा बघत होते. मुलगी वाचली. बाळ गेलं. बरगडीखालचं ते दुखणं पित्ताचं नव्हतं, यकृताला आलेली सूज होती. तेव्हापासून सहाव्या महिन्यापुढची बाई पित्त म्हणाली की मी आधी बीपी घेते.

तेव्हा रेशो केलेला असो वा नसो, नॉर्मल असो वा नसो, यांपैकी काही झालं तर रिपोर्टची वाट बघायची नाही, सरळ निघायचं: क्रोसिन घेऊनही न थांबणारं डोकं, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर दिसणं, बरगडीखाली किंवा छातीच्या खळगीत दुखणं, तोंडा-हातावर एकाएकी सूज, लघवी कमी होणं, दम लागणं, बाळाची हालचाल मंदावणं. मशीनवर वरचं १६० किंवा खालचं ११० भरलं तर काही दुखत नसलं तरी निघायचं. १०८ ला फोन करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्सबाई दोन्ही कुल्ल्यांवर मॅगसल्फची इंजेक्शनं देऊन मग पुढे पाठवू लागल्या, तर ‘इथं काही करू नका, आधी गाडी सोडा’ असं म्हणू नका. झटक्यांवरचं हेच औषध आहे. ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांच्या अभ्यासात, २००२ मध्ये, या औषधाने झटके निम्म्याहून कमी झाल्याचं दिसलं.

आता गोळीचं. तुमचा भाचा खोटं बोलला नाही, ॲस्पिरिन हार्टवाल्यांना देतातच. पण पॅप-ए, बीपी, सोनोग्राफी यांवरून धोका दिसला तर सोळाव्या आठवड्याच्या आत रात्रीची ॲस्पिरिन सुरू करून छत्तिसाव्यापर्यंत ठेवतात. २०१७ च्या मोठ्या चाचणीत १५० मिलिग्रॅमने, ३७ आठवड्यांआधी बाळंतपण करावं लागेल असा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. म्हणजे गोळी योग्य होती आणि ती परस्पर बंद करणं चुकलं. हे मी गोड करून सांगणार नाही. पण दोन गोष्टी त्यासोबत ऐका. ही गोळी न घेता बहुतेकींना काही होत नाही आणि घेऊनही काहींना होतं, त्यामुळे ‘माझ्यामुळे झालं’ असा हिशेब कुणालाच मांडता येणार नाही. आणि २०२३ मध्ये स्पेनमधल्या एका चाचणीत, चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात रेशो ३८ किंवा खाली आलेल्या बायकांची गोळी तिथेच थांबवली, तरी त्यांचं नुकसान झालं नाही. तुम्ही थांबवलीत ती त्याआधी आणि रेशो न बघता, म्हणून ते तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. तरी सगळं बुडालं असं समजू नका. आता घाबरून ती गोळी पुन्हा आपल्या मनाने सुरू करू नका. उद्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा तुम्ही स्वतः सांगा, सुनेला पुढे करू नका. ‘पाचव्या महिन्यात मी बंद केली’, एवढं एक वाक्य. ते रागावतील. रागावू द्या. त्यांचे पुढचे निर्णय त्या वाक्यावर अवलंबून आहेत.

घराण्याचं विचारलंत. तुमच्या बहिणीला लागीर झालं नव्हतं, ताई. या आजारात येणाऱ्या झटक्यांना इक्लॅम्पसिया म्हणतात. त्या शब्दाच्या ग्रीक मुळातही अचानक काहीतरी चमकून जाण्याचा अर्थ आहे. इतकं ते अवचित येतं की जगात सगळीकडे लोकांना ते बाहेरचं वाटलं. तिचं बीपी कुणी मोजलं असतं तर ते आधी काही दिवस चढत होतं हे दिसलं असतं. बहीण तुमची, सून परक्या घरची, म्हणून संबंध नाही असं लोक म्हणतील. पण वार बाळाची असते, तिच्यात निम्मा वाटा बापाचा, म्हणजे तुमच्या मुलाचा. अमेरिकेत युटा राज्यातल्या नोंदींवरून २००१ मध्ये असं दिसलं, की जे पुरुष स्वतः प्रीएक्लॅम्पसियाच्या बाळंतपणातून जन्मले, त्यांच्या बायकांनाही तो होण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणून मला उलट तुम्हालाच विचारायचंय, या मुलाच्या वेळी तुमचं बीपी वाढलं होतं का? अंगावर सूज, लवकर बाळंतपण, असं काही? आठवत असेल तर तेही उद्या सांगा. यात दोष कुणाचाच नाही, फक्त डॉक्टरांना ते ठाऊक हवं.

जतचं आत्ता नको. माहेरची माया मला कळते, पण एकतिसाव्या आठवड्यात बीपी चढत असताना ज्या डॉक्टरांनी तिसऱ्या महिन्यापासून पाहिलंय त्यांच्यापासून तिला लांब नेऊ नका. या आजारावर खरा उपाय एकच, वार बाहेर येणं, म्हणजे बाळंतपण. तोपर्यंत लॅबेटॅलॉल, निफेडिपिनसारख्या गोळ्यांनी बीपी आवरतात आणि बाळाला दिवस मिळवून देतात. लवकर बाळंतपण करायची वेळ आली, तर त्याआधी बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यावी लागतात आणि त्यांना लागू पडायला एक-दोन दिवस लागतात. रेशोतून मिळणारी आठवड्याची सूचना खरी उपयोगी पडते ती इथे. नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष आणि रक्तपेढी जवळ असेल अशा ठिकाणीच नाव घाला. पैशांची ओढ असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात गरोदर बायकांची तपासणी मोफत असते, आणि १०२ ची गाडीही मोफत येते. तिच्या आईलाच इकडे बोलवा, महिनाभर राहू दे. मीठ पूर्ण तोडू नका, त्याने हा आजार टळत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवा, फक्त लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी नको.

बाळंतपण झालं की सगळे सुटलो म्हणतात. पण बीपी बऱ्याचदा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातं, नेमकं घरी सोडल्यावर. सव्वा महिन्यात बाळंतिणीचं डोकं दुखलं तर ‘वारा लागला’ म्हणून कान बांधायच्या आधी मशीन काढा.

ओटी मात्र घरीच भरा, नक्की भरा, थाटात भरा. चुडा भरताना कासाराला सांगा, नेहमीच्यापेक्षा एका मापाने मोठ्या बांगड्या द्या. रोज सकाळी सूनबाईला त्या कोपराकडे सरकवून बघायला सांगा. काल सरकत होत्या आणि आज अडकल्या, तर चहा नंतर, आधी बीपी.